मालाची वाट मोकळी करणारे शेठ वालचंद हिराचंद

व्यापार म्हणजे खरेदी आणि विक्री, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. खरेदी स्वस्त करावी, विक्री महाग करावी आणि मधला फरक नफा म्हणून खात्यात जमा करावा, एवढेच जणू व्यापाराचे शास्त्र! पण ज्याने पेढीवर बसून चार दिवाळ्या पाहिल्या आहेत, त्याला ठाऊक असते की खरेदी आणि विक्री यांच्या मधोमध एक लांबलचक वाट आहे. त्या वाटेवर माल अडतो, भिजतो, फाटतो, उशिरा पोहोचतो, आणि कधी कधी दुसऱ्याच्या मर्जीवर पडून राहतो. लग्नसराईसाठी मागविलेल्या साड्यांची गाठ लग्नसराई उलटल्यावर दुकानी आली, तर तिचा भाव कागदावर तोच असतो. पण व्यापाऱ्याच्या दृष्टीने ती निम्म्या किमतीची झालेली असते. भांडवल गुंतलेले, व्याज चढते आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी गेलेले.

मालाच्या या वाटेचा विचार आपल्या देशात ज्या थोर पुरुषाने सर्वांत खोलवर केला आणि आयुष्यभर ती वाट मोकळी करण्यासाठी झुंज दिली, ते म्हणजे सोलापूरचे सुपुत्र शेठ वालचंद हिराचंद दोशी. भारतीय नौवहनाचे जनक म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. आगबोटी, विमाने, मोटारी, साखर, धरणे, बोगदे अशा परस्परांशी संबंध नसल्यासारख्या दिसणाऱ्या उद्योगांत त्यांनी हात घातला, म्हणून कित्येकांना ते केवळ धाडसी वाटतात. परंतु त्यांच्या चरित्राकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले, तर या सर्व उद्योगांतून ओवलेले एकच सूत्र दिसते. काम कोठे अडले आहे ते शोधावे आणि अडलेला दुवा शक्य तर आपणच उभा करावा, हे ते सूत्र होय.

घराणे आणि पूर्वायुष्य

वालचंदजींचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे एका दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात झाला. दोशी घराणे मूळ गुजरातचे. व्यापारानिमित्त सोलापूर भागात येऊन ते येथल्या मातीशी एकरूप झाले. घरी सावकारी आणि कापसाचा व्यापार होता. वडील शेठ हिराचंद नेमचंद हे केवळ पेढीचे मालक नव्हते. जैन समाजात शिक्षणाचा आणि सुधारणेचा प्रसार व्हावा, यासाठी त्यांनी 'जैन बोधक' हे मासिक सुरू केले. समाजाच्या नियतकालिकांच्या इतिहासात त्या मासिकाचे स्थान फार वरचे आहे. आईचे छत्र वालचंदजींना फार काळ लाभले नाही; अगदी तान्हेपणीच ते हरपले. घरात मात्र हिशेबाची शिस्त, धर्माचरण आणि वाचन या तिन्ही गोष्टी होत्या.

मुंबई आणि पुणे येथील महाविद्यालयांत त्यांचे काही काळ शिक्षण झाले. पदवी पूर्ण न होताच त्यांना सोलापूरला परतावे लागले आणि ते पेढीवर बसू लागले. परंतु ठरलेल्या वाटेने चालणारा व्यापार आणि व्याजाचा धंदा यांत त्यांचे मन रमेना. पैसा पेटीत ठेवून वाढविण्यापेक्षा तो कामात घालून काही उभे करावे, अशी त्यांची ओढ होती.

फाटक-वालचंद : कंत्राटदारीची शाळा

ही संधी त्यांना लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्या रूपाने लाभली. फाटक रेल्वेत कारकून होते. रेल्वेची कामे कशी निघतात, निविदा कशी भरतात, मोजमापे कशी होतात, याची त्यांना बारकाईने माहिती होती. उणीव होती ती भांडवलाची. वालचंदजींजवळ घराण्याची पत होती. पण या कामाचा अनुभव नव्हता. एकाचे ज्ञान आणि दुसऱ्याचे भांडवल यांची भागीदारी होऊन फाटक-वालचंद ही जोडी बांधकामाच्या क्षेत्रात उतरली. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांतील ही गोष्ट होय. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून त्यांचा श्रीगणेशा झाला.

घरच्या मंडळींना हे पसंत पडणे कठीणच होते. पेढीच्या गादीवर बसणाऱ्याने खडी, माती आणि मजूर यांच्यात उन्हातान्हात उभे राहावे, हे त्या काळच्या व्यापारी घराण्याच्या कल्पनेत बसणारे नव्हते. परंतु पुढे देशभर पसरलेल्या त्यांच्या कारभाराचे शिक्षण याच उन्हात झाले.

कंत्राटदाराचा धंदा वरून सोपा दिसतो. दर ठरलेला, मुदत ठरलेली. पण खडी वेळेवर आली आणि चुना आला नाही, तर खडी पडून राहते. चुना आला आणि मजूर शेतीच्या हंगामासाठी गावी गेले, तर चुना वाया जातो. मजूर टिकवायचे तर त्यांना धान्य, पाणी आणि निवारा जागेवरच द्यावा लागतो. पावसाळ्यापूर्वी पाया वर आला नाही, तर चार महिने काम बंद. मात्र भांडवलावरचे व्याज बंद होत नाही. कोणती वस्तू, किती, कोठून, केव्हा आणि कोणत्या क्रमाने यावी, याचा मेळ ज्याला जमतो तोच या धंद्यात तरतो. कापड व्यापाऱ्याला जसे ऋतू आणि सण यांचे गणित पाठ असते, तसेच कंत्राटदाराला हे गणित मुखोद्गत असावे लागते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी बराकींची कामे या जोडीकडे आली. लष्कराच्या कामात मुदत पाळणे ही पहिली अट. त्यातून त्यांचा लौकिक वाढला. पुढे टाटांच्या सहकार्याने बांधकाम कंपनी उभी राहिली. मुंबई-पुणे रेल्वेमार्गावरील भोर घाटातील बोगद्यांचे अवघड काम आणि तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणाऱ्या नळवाहिनीचे काम वालचंदजींच्या संस्थांनी पार पाडले. पूर्वी खंडाळ्याच्या घाटात गाडीला एका ठिकाणी थांबून, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून उलट दिशेने निघावे लागे. नव्या मार्गामुळे १९२९ मध्ये तो थांबा इतिहासजमा झाला. आज घाटातून सरळ जाणाऱ्या प्रवाशाला त्या अडथळ्याची कल्पनाही नसते. १९२६ मध्ये वालचंदजींनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली. त्याच वर्षी सिमेंट काँक्रीटचे नळ बनविणारी इंडियन ह्यूम पाइप कंपनीही सुरू झाली. पाणीपुरवठ्याची कामे घेणाऱ्याने नळांचाही कारखाना काढावा, यात त्यांची दृष्टी स्पष्ट दिसते.

'लॉयल्टी'चे प्रस्थान

परंतु त्यांच्या जीवनातील खरा संग्राम समुद्रावर झाला. पहिले महायुद्ध संपले तेव्हा भारताच्या किनाऱ्यावरील आणि परदेशी जाणाऱ्या मालाची वाहतूक जवळजवळ संपूर्णपणे इंग्रज कंपन्यांच्या हाती होती. कापूस आपला, तांदूळ ब्रह्मदेशचा, गिऱ्हाईक आपले. पण माल नेणारे जहाज परक्याचे. भाडे तेच ठरविणार, कोणाचा माल आधी चढवायचा तेही तेच ठरविणार. यापूर्वी तुतिकोरीन येथे व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये स्वदेशी आगबोट कंपनी काढून पाहिली होती. इंग्रज कंपनीने दर पाडून आणि सरकारने पिळ्ळै यांना तुरुंगात टाकून तो प्रयत्न मोडीत काढला होता. हा इतिहास ताजा असताना पुन्हा या क्षेत्रात पाऊल टाकणे म्हणजे उघड्या डोळ्यांनी वणव्यात शिरणेच होते.

एका आगगाडीच्या प्रवासात सहप्रवाशाकडून वालचंदजींना समजले, की ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांची 'लॉयल्टी' नावाची आगबोट विक्रीस आहे. ही बोट मूळची १८९१ साली बांधलेली. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीकडे असताना तिचे नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया' होते. महायुद्धात महाराजांनी ती जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी दिली होती. वालचंदजींनी शेठ नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास या मातब्बर मंडळींना सोबत घेतले आणि मार्च १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे नाव अशा रीतीने भारतीय नौवहनाशी कायमचे जोडले गेले.

५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाली. भारतीय मालकीच्या कंपनीचे जहाज परदेशच्या मार्गावर निघाल्याचा तो दिवस. १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच घटनेच्या स्मरणार्थ.

भावनेच्या भरात एक गोष्ट विसरता कामा नये. 'लॉयल्टी' हे व्यापाराच्या दृष्टीने सोयीचे जहाज नव्हते. ते अठ्ठावीस वर्षांचे जुने, मुळात प्रवाशांसाठी बांधलेले होते. जहाजाचे उत्पन्न दोन्ही बाजूंच्या मालावर अवलंबून असते. जाताना भरून गेले आणि येताना रिकामे आले, तर जाण्याचा नफा येण्याचा कोळसा खाऊन टाकतो. आपल्याकडे मालमोटारवाल्यांना परतीच्या भाड्याची जी विवंचना असते, तीच येथे सातासमुद्रांच्या प्रमाणात होती. १९२३ मध्ये ती बोट मोडीत निघाली. एका बोटीने कंपनी चालत नाही, योग्य जातीच्या मालवाहू बोटींचा ताफा हवा, हे जाणून कंपनीने आधीच इंग्लंडमध्ये आणखी जहाजे खरेदी केली होती. तिचे खरे कार्यक्षेत्र ठरले ते भारत आणि ब्रह्मदेश यांचा किनारा.

दरयुद्ध आणि करार

किनाऱ्यावर गाठ पडली ती लॉर्ड इंचकेप यांच्या बलाढ्य ब्रिटिश इंडिया कंपनीशी. तिने सिंदियाच्या मार्गांवर भाडी इतकी उतरविली, की नव्या कंपनीला खर्च निघणेही मुश्कील व्हावे. मोठ्या कंपनीला एका मार्गावरचा तोटा दुसऱ्या दहा मार्गांवरून भरून काढता येतो. नव्या कंपनीचे मार्गच मोजके असतात.

त्याहून परिणामकारक शस्त्र होते ते लांबणीवरच्या सुटीचे. जो व्यापारी आपला सर्व माल संघातील कंपन्यांच्याच जहाजांनी पाठवील, त्याला भाड्यातील काही रक्कम परत मिळत असे. मात्र ती लगेच मिळत नसे, काही महिन्यांनी मिळे. मधल्या काळात त्याने एकदा जरी दुसऱ्याच्या जहाजाने माल पाठविला, तर साचलेली सारी सूट बुडत असे. म्हणजे व्यापाऱ्याचाच पैसा अडकवून त्याला बांधून ठेवायचे. देशप्रेम असूनही कित्येक व्यापारी सिंदियाकडे येऊ शकत नव्हते, याचे कारण या हिशेबात होते. आजही आपल्या धंद्यात वर्षअखेरीच्या सुटीच्या आमिषाने दुकानदाराला एकाच पुरवठादाराशी जखडून ठेवण्याची रीत आहे, तेव्हा या डावपेचाचे मर्म आपल्याला सहज कळेल.

कंपनीचा श्वास कोंडला. अखेर १९२३ मध्ये इंग्रज कंपन्यांशी दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने किनाऱ्यावर ठराविक मर्यादेतच मालवाहतूक करावी, अशी बंधने तिच्यावर आली. हा करार अनेक देशभक्तांना मानहानीचा वाटला, आणि त्यात बंधने होती हे खरेच. परंतु कंपनी जिवंत राहिली. चिदंबरम पिळ्ळै यांच्या कंपनीचे जे झाले, ते सिंदियाचे झाले नाही. नरोत्तम मोरारजी यांच्या १९२९ मधील अपघाती निधनानंतर कंपनीची धुरा वालचंदजींकडे आली. दरम्यान किनाऱ्यावरील वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी, यासाठी सराभाई हाजी यांनी १९२८ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक मांडले होते. ते तेव्हा कायद्यात उतरले नाही. पण प्रश्न देशासमोर आला. पुढे कोकणच्या किनाऱ्यावर बोटी चालविणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही सिंदियाच्या छत्राखाली आली.

उसाचे फड आणि कारखाना

समुद्रावर ही झुंज चालू असतानाच नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळ रावळगाव येथे वालचंदजींनी खडकाळ, ओसाड जमीन घेतली. ती लागवडीखाली आणली आणि १९३३ मध्ये तेथे साखर कारखाना सुरू केला. इंदापूर तालुक्यात नीरेकाठच्या कळंब येथेही शेती आणि साखर कारखाना यांची अशीच जोड उभी राहिली. आज ते गाव वालचंदनगर म्हणून ओळखले जाते. १९३२ मध्ये साखर धंद्याला सरकारी संरक्षण मिळाले, हे खरे. पण जमीन आधी तयार होती म्हणूनच त्या संरक्षणाचा लाभ वेळेवर घेता आला.

साखरेच्या धंद्यात वेळेचे महत्त्व किती, हे शेतकऱ्याला विचारावे. तोडलेला ऊस दिवसभरात गाळला गेला नाही, तर त्याचे वजन घटते आणि साखरेचा उतारा कमी होतो. कारखाना बंद पडला तर ऊस वाळतो. ऊस आला नाही तर कारखान्याचे बॉयलर फुकट पेटतात. म्हणून तोड, वाहतूक आणि गाळप यांची घडी तासांच्या हिशेबाने बसवावी लागते. शेत आणि कारखाना एकाच व्यवस्थेखाली आणण्यामागे हाच विचार होता. वालचंदनगरला पुढे साखर कारखान्यांची यंत्रसामग्रीही तयार होऊ लागली. रावळगावच्या गोळ्या तर आपल्यापैकी कित्येकांच्या बालपणाचा ठेवा आहेत. त्या गोळ्यांचे व्यापारचिन्ह २०२४ मध्ये दुसऱ्या मोठ्या उद्योगसमूहाकडे गेले.

विमान, जहाज, मोटार

१९३९ च्या अखेरीस अमेरिकेहून पूर्वेकडे येताना विमानप्रवासात वालचंदजींची भेट विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी झाली. पॉली यांचा चीनमध्ये विमाने जोडण्याचा कारखाना होता. दुसरे महायुद्ध सुरू झाले होते आणि विमाने बाहेरून येणे दुष्कर होणार, हे उघड होते. पुन्हा एकदा प्रवासातील एका गाठीभेटीतून कारखान्याची कल्पना निघाली. म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जमीन आणि भांडवल देऊ केले. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली आणि १९४१ मध्ये तेथे जोडलेले प्रशिक्षणाचे विमान आकाशात गेले. एवढ्या थोड्या अवधीत हे घडले, यामागे यंत्रे, सुटे भाग आणि जाणकार माणसे अमेरिकेतून वेळेवर आणण्याची सिद्धता होती.

२१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे जहाजबांधणी कारखान्याचा पाया डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते घातला गेला. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९४२ मध्ये, त्या बंदरावर जपानी बाँब पडले आणि कामात मोठा खंड पडला. तरीही १४ मार्च १९४८ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते 'जलउषा' हे आठ हजार टनी जहाज पाण्यात उतरले. स्वतंत्र भारतात बांधलेले हे पहिले मोठे सागरी जहाज होय. मोटारींसाठी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने गाड्या बाहेर पडू लागल्या. याच कंपनीची 'प्रीमियर पद्मिनी' पुढे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप झाली. २०२३ साली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा हळहळलेल्या मुंबईकरांपैकी किती जणांना सोलापूरच्या या शेठजींची आठवण झाली असेल!

जमा आणि नावे

थोर पुरुषाचे चरित्र लिहिताना केवळ जमेची बाजू मांडणे, हे ताळेबंदाच्या नियमाला धरून नाही. विमानाचा कारखाना १९४२ मध्ये सरकारने ताब्यात घेतला आणि वालचंदजींचा हिस्सा मोबदला देऊन संपविला. जहाजबांधणीचा कारखानाही पुढे, १९५२ मध्ये, सरकारी कंपनी झाला. एकाच वेळी इतक्या आघाड्या उघडल्यामुळे भांडवलाची ओढाताण सतत होती. सिंदिया कंपनीचेही वैभव पुढील काळात ओसरले. मालकीच्या दृष्टीने पाहिले तर त्यांनी उभे केलेले पुष्कळ काही त्यांच्या घराण्याच्या हाती राहिले नाही.

पण बंगळूरचा तो कारखाना आज हिंदुस्थान एअरोनॉटिक्स या नावाने देशाच्या वायुदलाला विमाने पुरवीत आहे. विशाखापट्टणमला जहाजे बांधली जात आहेत. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनने बांधलेले पूल आणि बोगदे देशभर उभे आहेत. अपरिग्रहाची शिकवण ऐकत वाढलेल्या आपल्या समाजाला यातून एक विचार सुचावा. मालकी सुटते, चांगले चाललेले काम मात्र मागे उरते.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते हळूहळू कारभारातून निवृत्त झाले. अखेरच्या काळात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची अहोरात्र सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सोलापूरच्या शिक्षणसंस्था त्यांचे नाव आजही पुढील पिढ्यांपर्यंत पोहोचवीत आहेत.

आपण काय घ्यावे?

आपल्यापैकी फार थोडे जण जहाजे बांधणार आहेत. बहुतेकांची दुकाने, आडती, लहान कारखाने. तरीही २०२० च्या टाळेबंदीत भरल्या गाठी वाटेत अडकल्या आणि मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात एक अजस्र जहाज आडवे होऊन सहा दिवस जगाची वाहतूक खोळंबली, तेव्हा मालाची वाट हा केवळ मोठ्यांचा प्रश्न नाही, हे सर्वांनाच उमगले.

तरुण व्यापारी बंधूंनी वालचंदजींच्या चरित्रातून तीन गोष्टी अवश्य घ्याव्यात. पहिली, आपल्या मालाच्या वाटेवरील प्रत्येक टप्पा कागदावर मांडावा: विणकर वा गिरणी, रंगाई, दलाल, वाहतूकदार, गोदाम, दुकान आणि उधारी. यांपैकी ज्या टप्प्यावर एकाच माणसाच्या मर्जीवर आपण अवलंबून आहोत, तेथे दुसरी सोय आजच करून ठेवावी. सोय शोधण्याची वेळ अडचण आल्यावर नसते. दुसरी, वर्षअखेरीच्या सुटीच्या मोहाने स्वतःचे हात बांधून घेऊ नयेत. सूट किती मिळाली याबरोबर तिच्यासाठी कोणते स्वातंत्र्य दिले, हेही हिशेबात धरावे. तिसरी, दरयुद्धात शौर्यापेक्षा टिकून राहण्याला मोल असते. वेळप्रसंगी एक पाऊल मागे घेऊन पेढी जिवंत ठेवावी. पेढी जिवंत असेल तर दिवस पालटतात.

ज्वारी आणि कापसाच्या बाजारात वाढलेल्या एका तरुणाने गादीवरून उठून उन्हात उभे राहण्याचे ठरविले, म्हणून देशाच्या मालाला स्वतःची वाट मिळाली. त्या वाटेचे स्मरण ठेवणे आणि आपापल्या लहानशा व्यवहारात तिची शिस्त पाळणे, हीच शेठ वालचंद हिराचंद यांना आपणा व्यापाऱ्यांची खरी आदरांजली ठरेल.